दहावा माणूस कामाला ठेवायच्या आधी एवढं करून ठेवा

जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो, रावेर-सावद्याकडचं केळीचं पॅकिंग असो, धुळ्यातलं मोठं किराणा दुकान असो नाहीतर नंदुरबारची मिरची वाळवायची पथारी, मालक एकच वाक्य बोलतो: भाऊ, आपल्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत, आपल्याला कशाला लागतो कायदा. मी अशाच मालकांची पगारपत्रकं करतो म्हणून सांगतो, घरच्यासारखं आहे तोवर कागद करून घ्या, कारण भांडण झाल्यावर कोणी सही देत नाही.

आधी माणसं मोजा, आणि नीट मोजा. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सात नावं आहेत म्हणजे आपण सात असं धरू नका, मुकादमाने आणलेले तिघं, अर्धा दिवस झाडलोटीला येणारी मावशी, पगार घेणारा पुतण्या, हे सगळे धरायचे. मालक स्वतः धरला जात नाही. दहा झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना वर्षांच्या हिशोबाने मिळणारी रक्कम) आणि महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती ह्या तीन गोष्टी येतात, वीस झाले की पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि बोनस. आणि एकदा ईएसआय-पीएफ लागू झालं की नंतर माणसं कमी झाली तरी ते सुटत नाही, त्यामुळे दहाव्याला नऊवर ठेवायची खटपट करण्यापेक्षा तयारी करणं स्वस्त पडतं.

पण पहिल्या माणसापासून लागणाऱ्या गोष्टी पण आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या, आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं हे त्यात स्पष्ट आहे. एक पान पुरतं. नाव, काम काय, पगार किती आणि कसा फोडलाय, कामाची वेळ, सुट्टी कोणत्या वारी, नोकरी सोडताना नोटीस किती दिवसांची. मराठीत लिहा, दोन प्रती काढा, एक त्याच्या हातात द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पोराला वाचता येत नसेल तर त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. वयाचा पुरावा त्याच दिवशी घ्या, 14 च्या आतलं पोरगं कामावर नकोच, आणि 18 च्या आतलं धोक्याच्या कामावर नको, त्याचा बाप स्वतः घेऊन आला तरी नको.

पगार फोडताना बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्मे तरी बसले पाहिजेत. पूर्वी बेसिक चार हजार आणि बाकी सगळं भत्ता दाखवायचे, ते आता चालत नाही, अर्ध्याच्या वर गेलेले भत्ते पगारातच मोजले जातात. किमान वेतनाचा विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आपला व्यवसाय आणि आपलं परिमंडळ (किमान वेतनासाठी ठरवलेला भाग) बघूनच आकडा धरा, जळगाव शहराचा आकडा आणि एखाद्या गावातला आकडा एकच असेल असं नाही. महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेच्या आत, शक्यतो बँकेतून. ओव्हरटाइमला दुप्पट दर.

आता उचल, म्हणजे पगारातून फेडायची आगाऊ रक्कम. आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणं ह्याच्यावरून होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. होळीच्या आधी सातपुड्यातले कामगार भोंगऱ्या बाजाराच्या सणाला घरी जातात, जाताना उचल घेतात, आणि मालक ती वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहितो. माझ्या ओळखीच्या एका मालकाने अशीच उचल दिली, मालक म्हणे पंधरा हजार, माणूस म्हणे दहा, दोघंही मनापासून बोलत होते आणि कागद कोणाकडेच नव्हता. आठ वर्षं कामाला असलेला कारागीर त्या पाच हजारावरून काम सोडून गेला, मला अजून वाईट वाटतं त्याचं. तर उचल देताना चिठ्ठी करा, तारीख, रक्कम, महिन्याला किती कापणार, दोघांच्या सह्या, आणि पैसे खात्यात टाका. कापताना लक्षात ठेवा, सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे आल्या आल्या सगळी उचल एका पगारातून वसूल करता येत नाही. माल खराब झाला म्हणून कापायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकून लिहून घ्यावं लागतं. खाडा झाला तर तेवढ्याच दिवसाचा पगार कापा, एका खाड्याला दोन दिवस कापणं बेकायदा आहे.

आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला जाऊ न देणं, त्याचं आधार कार्ड किंवा मोबाईल ठेवून घेणं, हे कधीच करू नका. त्याला वेठबिगारी म्हणतात आणि 1976 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मुकादमाने केलं तरी तुमच्या आवारात घडतंय, तुम्ही हात झटकू शकत नाही. मुकादमाने मजुरांचे पैसे थकवले तरी ते शेवटी तुमच्याकडूनच मागितले जातात, म्हणून मुकादमाचं बिल देताना मजुरांना पैसे पोचल्याचा कागद मागा.

दहावर गेलात की ईएसआयची नोंदणी 15 दिवसांत करा. महिना 21 हजारापर्यंत पगार असलेले त्यात येतात, मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75. म्हणजे 14 हजारावाल्यामागे तुमचे 455 आणि त्याचे 105 रुपये, भरायचे पुढच्या 15 तारखेपर्यंत. बरेच जण ह्या 455 रुपयांना कुरकुरतात, पण मशीनमध्ये बोट गेलं तर ईएसआय असलेल्या माणसाचा इलाज आणि भरपाई तिकडून होते, नसेल तर ती भरपाई मालकाने द्यायची.

महिलांच्या तक्रारींच्या अंतर्गत समितीचं काम फक्त बोर्ड लावून भागत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, ह्या विषयात काम केलेली. घरातली वहिनी बाहेरची म्हणून दाखवू नका. समिती नसली तर 50 हजारांपर्यंत दंड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बाईला तक्रार कोणाकडे करायची हे माहीतच नसतं. घटना घडल्यापासून तक्रारीला साधारण तीन महिने मुदत असते हे तिला आधीच सांगून ठेवा. दहाच्या आत असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिचा पत्ता भिंतीवर लावा.

पीएफ विसाव्या माणसाला, दोघांचे 12-12 टक्के, 15 हजारापर्यंतच्या पगाराला सक्तीचा. बोनस कमीत कमी 8.33 टक्के, वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत.

सुट्ट्यांचं पत्रक वर्ष लागायच्या आधी लावा. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि कामगारांशी ठरवून आणखी चार अशा आठ भरपगारी सुट्ट्या आहेत, शिवाय आठ किरकोळ रजा. तुम्ही छोटे असाल तरी हाच साचा वापरा. आणि ते चार दिवस ठरवताना त्यांना विचारा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बायका माहेरी जाणार, कानबाईला आणि पोळ्याला कामावर कोणी येणार नाही, हे आपल्याला माहीत असून मग खाडे का लावायचे.

माणूस काढायची वेळ आली तर फोनवर उद्यापासून येऊ नको असं सांगू नका. चोरी, मारामारी असेल तर लेखी कारणे दाखवा नोटीस, त्याचं उत्तर, चौकशी, मग निर्णय. काम कमी झालं म्हणून काढत असाल आणि त्याला वर्ष झालं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार. पाच वर्षं झालेल्याला ग्रॅच्युइटी वेगळी, ती ठराविक मुदतीच्या नेमणुकीवाल्याला आता एका वर्षानंतरच लागू होते. हिशोब सोपा आहे, शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26, म्हणजे 13 हजारावाल्याला वर्षाला 7,500, सहा वर्षांचे 45 हजार. दर वर्षी तेवढी रक्कम बाजूला टाकत चला. बाकी राहिलेला पगार मात्र तो स्वतः सोडून गेला तरी दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, म्हणून शेवटच्या दिवशी उचलीची चिठ्ठी, हजेरी आणि हिशोबाचा कागद समोर ठेवून बसा, पैसे खात्यात पडल्यावरच पोचची सही घ्या आणि अनुभवाचं पत्र त्याच वेळी हातात द्या.