हातापायांना मुंग्या येतात? या चुका टाळा

पंगतीत तासभर मांडी घालून बसलं की उठताना एक पाय आपला राहत नाही. आपण म्हणतो, "रक्त थांबलं." खरं तर बहुतेक वेळा दबलेला असतो मज्जातंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक मज्जातंतू हाडाला अगदी चिकटून जातो आणि मांडी घातली की चेपतो. दाब सुटला की तो वाटेल तसे निरोप मेंदूला धाडतो, त्याच मुंग्या. तेव्हा लगेच ताडकन उठू नका. पाऊल वाकडं पडून घोटा मुरगळतो.

मुंग्या रोज यायला लागल्या तर तेल चोळण्याआधी बोटं मोजा. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अर्धी अनामिका बधिर होत असेल, त्यातही रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर संशय मनगटावर. करंगळी आणि अनामिकेची उरलेली कड असेल तर बहुधा कोपर, तेच जिथे आपटलं की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात. मी दोन महिने मान शेकत बसले होते. दुखणं निघालं कोपराचं; खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून फोनवर गप्पा मारायची माझी सवय!

मुंग्यांवर उपाय म्हणून दुकानातून परस्पर बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून सुरू करणं ही फारच लाडकी चूक. गोळ्या घेतल्यावर तपासणी केली तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आधी रक्त द्या, मग गोळी. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्याने बी-१२ घटू शकतं.

मधुमेहात सर्वांत लांब मज्जातंतूंची टोकं आधी बिघडतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून. अशा पायांना गरम पाण्याच्या बादलीत सोडू नका. चटका कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. पाणी कोपराने तपासा.

आणि मुंग्या किंवा बधिरपणा अचानक, शरीराच्या एकाच बाजूला आला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो; हात चोळत बसू नका, पाणीसुद्धा पाजू नका. १०८ लावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ आठवून ठेवा. दवाखान्यात आधी तेच विचारतात.