ठाण्याच्या गच्चीवरून धूमकेतू आणि उल्का टिपण्यासाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढू पाहणारा माणूस बहुधा आधी कॅमेऱ्याची चौकशी करतो. वास्तविक आधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस सर्वांत सोयीचे असतात. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवत असल्याने रात्रीचा पूर्वार्ध कामी येतो, तर शुक्ल चतुर्थीला तो लवकर मावळत असल्याने उत्तररात्र मोकळी मिळते. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्याकडे पावसातच जातात; ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षावाची आशा कोकणपट्टीत न धरलेलीच बरी.

तिथीनंतर दिशा ठरवावी. येऊरला जाण्याचा मोह ठाणेकरांना होतो; पण त्याच्या दोन्ही बाजूंना शहराचा उजेड आहे, आणि हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने बिबट्यांचा वावर आहे तो वेगळाच. त्यापेक्षा बदलापूरच्या पुढचे वांगणी बरे. खगोल मंडळ या खगोलप्रेमींच्या संस्थेच्या आकाशदर्शनामुळे हे ठिकाण हौशी मंडळींना परिचित आहे, आणि तेथे कल्याण-ठाण्याचा उजेड वायव्येला राहत असल्याने पूर्व आणि दक्षिण दिशा बऱ्यापैकी अंधाऱ्या मिळतात. संध्याकाळच्या धूमकेतूचे गणित मात्र उलटे असते. ऑक्टोबर २०२४ मधील त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला खाली दिसत होता. अशा वेळी अंधारापेक्षा मोकळे क्षितिज महत्त्वाचे, आणि ते वाशी-नेरुळच्या बाजूला खाडीकाठी मिळते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. धूमकेतू क्षितिजापासून दीड मूठ वर असेल, तर समोर इमारत नको एवढे पाहिले तरी पुरे.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवावी. सर्वाधिक वेळ फोकसला द्यावा, कारण येथे झालेली चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, व्याध किंवा रोहिणी दहापट मोठी करून रिंग अगदी सावकाश फिरवावी: तारा आधी लहान होत जातो, मग टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि रिंग केसभर पुढे गेली की पुन्हा फुगतो. तो सर्वांत लहान दिसला त्या जागी परत येऊन रिंगवर औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी. एका डिसेंबरात वांगणीला पहाटे दोनच्या सुमारास माझ्या लेन्सवर दव धरले, ते रुमालाने पुसताना पट्टी न लावलेली रिंग हलली, आणि पुढच्या दोनशेहून अधिक फ्रेममधले तारे भिजलेल्या साबुदाण्यासारखे निघाले. तेव्हापासून पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा मी सुरुवातीलाच लेन्सभोवती गुंडाळतो.

पृथ्वी फिरत असल्याने स्थिर ट्रायपॉडवर एक्स्पोजरला, म्हणजे शटर उघडे ठेवण्याच्या वेळेला, मर्यादा येते. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागावे आणि येतील तेवढे सेकंद धरावेत, असा जुना नियम आहे. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असल्यास फोकल लेंग्थ आधी दीडपट धरावी. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद येतात. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यातही तारे लांबट होतात, म्हणून मी १० सेकंदांवर थांबतो, आणि गच्चीवर, जिथे आकाशच तेवढ्यात पांढुरके होते, तिथे चार-पाच सेकंदांवर. हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर आला की पुरे. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र, घेतलेल्यांना ते जुळवायला ध्रुवतारा लागतो, आणि ठाण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्याही आत असतो. तेव्हा उत्तरेला टॉवर असलेली गच्ची त्या कामाची नाही.

उल्कांसाठी डिसेंबरची १३-१४ तारीख राखून ठेवावी. मिथुन उल्कावर्षाव फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीतून होतो आणि त्याचा उगमबिंदू, म्हणजे उल्का जेथून येताना भासतात ती जागा, पुनर्वसूजवळ असतो. तो रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दहा वाजता कंटाळून उठणाऱ्यांचे नुकसान होते. लेन्स नेमकी पुनर्वसूवर रोखू नये, कारण तेथे उल्का आपल्या दिशेने येत असल्याने रेघा आखूड उमटतात. ४० ते ६० अंश बाजूचे आकाश घ्यावे. उल्का सेकंदभरही टिकत नाही, म्हणून एक्स्पोजर लांबवल्याने ती उजळ होत नाही, फक्त पार्श्वभूमी उजळते. तिला पकडतात ते लेन्सचे मोठे छिद्र आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता: एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, आणि आपोआप एकामागून एक शटर दाबणाऱ्या इंटरव्हॅलोमीटरवर अखंड चाललेल्या फ्रेम. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (चित्रातले नॉइजचे, म्हणजे नको असलेले, ठिपके कमी करणारी कॅमेऱ्याची सोय) बंद ठेवावे, अन्यथा प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि नेमकी तेव्हाच उल्का जाते. निघताना लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर वीसएक डार्क फ्रेम, म्हणजे निव्वळ काळी चित्रे, घेतल्या की नंतर ती वजा करून नॉइज कमी करण्याचे काम भागते.

धूमकेतूसाठी ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स आणि दोन सेकंदांच्या शंभर-दीडशे फ्रेम घ्याव्यात. सोळा फ्रेम एकत्र केल्या की नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. सिरिल आणि डीप स्काय स्टॅकर ही सॉफ्टवेअर यासाठी मोफत मिळतात. पण धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असल्याने फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्यास तो पुसट होतो आणि त्याच्या गाभ्यावर जुळवल्यास ताऱ्यांच्या रेघा होतात, म्हणून दोन्ही चित्रे स्वतंत्र तयार करून शेवटी एकत्र करावी लागतात. शहराचा उजेड वजा करताना पार्श्वभूमीचे नमुनाबिंदू शेपटीपासून दूर ठेवावेत. ते शेपटीवर पडले तर सॉफ्टवेअर तिलाच उजेड समजून पुसून टाकते.