राशिद खानसमोर उभं राहायचं असेल तर

वेगात लेगस्पिन (उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळणारी फिरकी) टाकणारा एखादा तरी मुलगा हल्ली प्रत्येक क्लबात सापडतो. हात गर्रकन फिरतो, चेंडू बोटांतून कधी सुटला ते कळत नाही आणि फलंदाज बॅट खाली आणेपर्यंत तो पॅडवर आदळलेला असतो. ही पोरं अफगाणिस्तानच्या राशिद खान या लेगस्पिनरला बघत मोठी झालीत. मी सोळा वर्षांखालच्या मुलामुलींना फलंदाजी शिकवते. या गोलंदाजीसमोर आपली जुनी शिकवण अपुरी पडते, असं माझं ठाम मत आहे. राशिदला खेळायची तयारी केलीत, तर त्याची नक्कल करणारे तुम्हाला जड जाणार नाहीत.

आधी तो कुठून आला ते बघा, कारण त्याची गोलंदाजी तिथेच घडली. जन्म २० सप्टेंबर १९९८ चा, पूर्व अफगाणिस्तानातल्या नांगरहार प्रांतातला. युद्धामुळे घरच्यांना देश सोडावा लागला, लहानपणाची काही वर्षं पाकिस्तानात गेली. घरात भाऊ पुष्कळ, सगळे लेगस्पिनचे वेडे, आणि राशिदचा आदर्श शाहिद आफ्रिदी. खेळ चालायचा टेप लावलेल्या टेनिस बॉलवर. आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको: हलका चेंडू उंच, हळू टाकला की थेट सीमेबाहेर. जोरात आणि सपाट टाकावा लागतो, आणि वळवायचा तो बोटांनी. सीझन बॉल, म्हणजे कडक चामडी चेंडू, हातात आल्यावरही राशिदने ती सवय सोडली नाही. मनगटापेक्षा बोटांच्या टोकांवर त्याची जास्त भिस्त असते.

म्हणूनच ‘मनगट बघ, हाताची मागची बाजू दिसली की गुगली’ ही शिकवण त्याच्यासमोर टिकत नाही. लेगब्रेक (बाहेर वळणारा) आणि गुगली (तसाच वाटणारा, पण आत वळणारा) यांत त्याच्या हाताचा फरक अगदी थोडा, आणि हात विलक्षण वेगाने फिरतो. चेंडू ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत जेमतेम पाऊण सेकंद. एवढ्यात हात वाचायचा, ठरवायचं आणि पायही हलवायचे, हे शाळकरी मुलाकडून होणार नाही. मोठमोठ्यांकडूनही झालेलं नाही. ९ जून २०१७ रोजी सेंट लुसियात त्याने वेस्ट इंडीजचे ७ बळी १८ धावांत घेतले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

मग करायचं काय? उजव्या हाताच्या फलंदाजाने प्रत्येक चेंडू आत येणार असं धरूनच खेळावं. माझ्या शिकवण्याचा हा कणा आहे. राशिदची गुगली हा अधूनमधून काढायचा चेंडू नाही, तो त्याचा नेहमीचा चेंडू आहे, आणि त्याच्या बळींत त्रिफळा आणि पायचीत यांचा वाटा फार मोठा आहे. तुम्ही आतल्या रेषेवर सरळ बॅटने खेळलात आणि निघाला लेगब्रेक, तर तो बहुतेक वेळा बाहेरची कड चुकवून यष्टिरक्षकाकडे जाईल. जाऊ द्या. हरल्यासारखं वाटून घेऊ नका, पुढच्या चेंडूला पुन्हा त्याच रेषेवर खेळा. मुलं इथेच चिडतात. एकदा चकली की बाहेरच्या चेंडूमागे हात नेतात, आणि नेमका पुढचा आत येऊन दांडी उडवतो.

पुढचा पाय चेंडूच्या रेषेत आडवा टाकू नका. पाय किंचित लेगकडे ठेवा, म्हणजे बॅट पॅडच्या पुढून मोकळी खाली येईल. स्टान्समध्येच बॅट थोडी वर धरा, तेवढाच वेळ वाचतो. आखूड वाटलेल्या चेंडूवर कट मारायचा मोह आवरा. तो उसळत नाही, सरपटत आत येतो आणि कट मारायला जागाच उरत नाही. मागच्या पायावर जा, पण यष्टींसमोर सरळ बॅट ठेवा आणि लाँगऑनकडे ढकलून एक धाव घ्या. यष्टींच्या रेषेतल्या चेंडूवर स्वीप तर नकोच.

आणि पुढे सरसावणं? विश्वचषकातला २२ जून २०१९ चा साउदॅम्प्टनचा भारत-अफगाणिस्तान सामना आठवा. महेंद्रसिंग धोनी २८ धावांवर राशिदला मारायला पुढे गेला आणि यष्टिचीत झाला. धोनीसारख्या माणसाची ही गत, तर आपण क्रीज सोडताना दहादा विचार करावा. त्या सामन्याची दुसरीही बाजू मला फार मोलाची वाटते. चारच दिवस आधी मँचेस्टरला इंग्लंडने राशिदच्या ९ षटकांत ११० धावा कुटल्या होत्या, त्याला ११ षटकार बसले होते, इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार ऑइन मॉर्गन सुसाट सुटला होता. तोच गोलंदाज चार दिवसांनी भारताविरुद्ध १० षटकांत फक्त ३८ धावा देतो. तेव्हा त्याला एखाद्या षटकात मार बसला म्हणून तो संपला असं समजू नका. पुढच्या षटकात तो त्याच टप्प्यावर परत येतो.

आता सराव. टेनिस बॉल घ्या आणि काळ्या मार्करने अर्धा रंगवा. सोबत्याला सोळा-सतरा यार्डांवरून, बोटांनी फिरवून, जोरात फेकायला सांगा. पहिल्या दिवशी बॅट हातात घेऊच नका. टप्पा पडायच्या आत फक्त ओरडून सांगा, ‘आत’ की ‘बाहेर’. उजव्या हाताने टाकलेला लेगब्रेक तुमच्याकडे येताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरताना दिसतो, गुगली उलटी. रंगामुळे ते लवकर डोळ्यात भरतं. उत्तरं बरोबर येऊ लागली की बॅट घ्या, मग साधा चेंडू, मग सीझन बॉल. ही पायरी गाळून थेट नेटमध्ये उभं राहणारी मुलं अंदाजाने खेळायला शिकतात, आणि ती सवय मोडायला फार त्रास होतो.

राशिदचे सामने बघताना एक काम करा. त्याचं टी-ट्वेंटीतलं चार षटकांचं स्पेल बघाच, पण २०१९ ची चट्टोग्रामची कसोटीही शोधून बघा. विसाव्या वर्षी कर्णधार म्हणून त्याने बांगलादेशविरुद्ध ११ बळी घेतले, वर अर्धशतकही केलं. कसोटीत फलंदाजाला धावांची घाई नसते, म्हणून कोण मागे थांबून उशिरा खेळतो आणि कोण पुढे झुकून अडकतो, ते तिथे स्वच्छ दिसतं. वहीत गोलंदाजाचं लिहू नका, फलंदाजाचे पाय लिहा.

डावखुऱ्यांसाठी गणित फिरतं. गुगली त्यांच्यापासून बाहेर जाते आणि आत येतो तो लेगब्रेक. तरीही यष्टींवरची रेषा सोडू नका, बाहेर जाणाऱ्याला जाऊ द्या, आणि ड्राइव्हसाठी फक्त तोच चेंडू निवडा ज्याच्या टप्प्यापर्यंत तुमचा पाय खरोखर पोचतो. बाकीचे मागच्या पायावरून मिडविकेटकडे, एकेक धाव.