आगोट भरताना चिंता कशी सोडायची

मे संपत आला की आपल्याकडे घरोघरी आगोटीचा, म्हणजे पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायच्या सामानाचा, एकच हिशोब चालू असतो, तांदूळ किती, सुकट-सोडे किती, मसाला कुटून झाला का, आणि त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणजे ट्रॉलरवर पोट असलेल्या घरात दोन महिने आवक झिरो. हप्ते काय बंद होत नाहीत. अशा वेळी चर्चमध्ये कोणी बायबलमधला मत्तय 6 वाचून "चिंता करू नका" म्हटलं की आतून जरा रागच येतो, खरं सांगते. म्हणून नेमकं करायचं काय ते लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाका. आगोट भरली म्हणजे देवावर भरवसा नाही असं काही जण बोलतात, त्यांनी निर्गम 16 नीट वाचावं. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, रोज सकाळी गोळा करायचा, माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), आणि उद्यासाठी म्हणून ठेवला तर त्यात किडे पडून घाण सुटायची. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा हेही देवानेच सांगितलेलं आणि तो शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी, अजिबात नासला नाही. योसेफाने तर मिसरात सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवला. तेव्हा साठवायच्या दिवसात साठवायचं, बोंबील कडकडीत वाळवायचे, डब्यात भरायचे, झाकण घट्ट लावायचं. रात्री दोनला उठून डबे मोजायचे नाहीत. चिंता सुरू होते ती तिथे.

प्रार्थना गोलगोल करू नका. "प्रभू सगळ्या गरजा पुरव" एवढं म्हणून आपण उठतो आणि डोक्यात तेच दळण परत चालू. नाव घेऊन सांगा, पोराची फी, आईच्या बीपीच्या गोळ्या, संपत आलेला सिलिंडर. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" आहे, यात भाकर आजची मागितलीय, ऑगस्टची नाही, म्हणून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते, डावीकडे आजचं, उजवीकडे नंतरचं. डावीकडचं देवाला सांगायचं आणि त्यातलं आपल्या हातात आहे ते लगेच करायला उठायचं. उजवीकडचं सांगून पान उलटायचं, बस. खाली आज काय मिळालं ते पण लिहा, शेजारणीने शेवग्याच्या शेंगा दिल्या असल्या तरी लिहा, कारण फिलिप्पै 4:6 मध्ये पौल मागण्याबरोबर आभारही मानायला सांगतो आणि हे त्याने कैदेत असताना लिहिलंय, आरामात बसून नाही.

पाखरांना स्वर्गातला बाप खायला घालतो हे मत्तय 6 मधलं खरं, पण बगळा खाडीच्या चिखलात सकाळपासून उभा असतोच ना. काम करायचंच. आणि हवामान खात्याचा इशारा असताना "देव बघून घेईल" म्हणत होडी काढणं हा विश्वास नाही, ती देवाची परीक्षा बघणं झालं, आणि मत्तय 4 मध्ये येशूने सैतानाला त्यासाठीच नाही म्हटलंय.

अजून एक, आपल्या लोकांना अडचण सांगायची लाज फार. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेलं, तरी देवाने दुष्काळात एलीया संदेष्ट्याला तिच्याचकडे पाठवलं आणि त्या घरातच सगळे जेवले. देव बहुतेक वेळा माणसांच्या हातूनच देतो, मग पाळकांना नाहीतर विश्वासातल्या एका घराला तरी सांगून ठेवा. फक्त "आधी एवढे पैसे पेरा, दहापट मिळतील" असं कोणी मोबाईलवर सांगत असेल तर सरळ बंद करा, भाकर मागायला फी लागत नाही.

राहिला कर्जाचा हप्ता. त्यासाठी प्रार्थना करून घरात बसू नका, तारीख चुकायच्या आधीच कर्ज घेतलेल्या सोसायटीत जा, बंदीच्या दोन महिन्यांसाठी मुदत मागा, अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.