नखं काढलेलं मांजर शू-शीचा ट्रे टाळतंय? आधी लिटर (ट्रेमधली वाळू) बदला

नखं काढताना बोटाचं शेवटचं हाडच कापतात, म्हणून खरखरीत लिटर पंजाला टोचतं. मांजर ट्रेच्या काठाशी थबकतं, पंजा झटकतं आणि थेट गादीवर जाऊन शू करतं. रागावू नका, बिचाऱ्याला दुखतंय.

१. नखं काढल्यावर पहिले २ आठवडे ट्रेमध्ये फाडलेल्या कागदाच्या पट्ट्याच घाला.
२. जखमा भरल्यावर बारीक, बिनवासाचं मऊ लिटर.
३. तरीही टाळलं तर कमी काठाचा नवा ट्रे दुसऱ्या जागी ठेवा. जुना ट्रे दिसला की त्याला दुखणंच आठवतं, तो धुऊन फारसा उपयोग होत नाही.

लंगडत असेल तर पशुवैद्याला दाखवा. कुंथूनही शू होत नसेल, विशेषतः बोक्याला, तर लगेच न्या. त्यात जीव जाऊ शकतो.