विकी बसवायला एक संध्याकाळ, निस्तरायला एक वर्ष

बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा आमच्या शाळेतले निवृत्त भूगोलाचे सर घरी आले. काखेत तीन जाडजूड रजिस्टरं. कऱ्हेच्या काठावरच्या गावांची माहिती त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवली होती: बारवा, जत्रा, शेतांची जुनी नावं, कुठल्या दुष्काळात कुठली विहीर आटली. म्हणाले, "अरे, विकिपीडियासारखं आपलं काही करता येईल का? गावोगावचे लोक आपापली भर घालतील." मी छाती फुगवून म्हणालो, "सर, त्यात काय, एका संध्याकाळचं काम."

बसवायला खरंच एक संध्याकाळ लागली. त्यानंतरचं वर्षभर जे निस्तरलं, ते इथे लिहितोय. पहिल्यांदाच सर्व्हरवर विकी चढवणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

आधी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते ठरवा. दहा-बारा जणांच्या ऑफिसातल्या नोंदी ठेवायच्या असतील तर डोकुविकी घ्या आणि सुखाने झोपा. त्याला डेटाबेसच लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, आणि बॅकअप म्हणजे फोल्डरची कॉपी. आम्ही मीडियाविकी घेतलं, कारण सरांना मराठी विकिपीडियाची सवय होती. तो १ मे २००३ला सुरू झाला आणि मीडियाविकीवरच चालतो. साचा, वर्ग, चर्चा, सदस्य हे सगळं मराठीत आपसूक मिळतं. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली की पानावरचे आकडेसुद्धा देवनागरी होतात. ते बघून सर इतके खूश झाले की पुढच्या चुका त्यांनी पोटात घातल्या.

आवृत्ती निवडताना सगळ्यात नवी दिसते म्हणून उचलू नका. दीर्घ मुदतीचा आधार असलेली घ्या. हे लिहिताना १.४३ ही तशी आवृत्ती आहे, तिला डिसेंबर २०२७पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) किमान ८.१ लागतं.

मी आधी स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांमध्ये वाटलेली सर्व्हरवरची जागा, घेतलं. कोणाचं ते सोडा. तिथे पीएचपीचं इंटल नावाचं एक्स्टेन्शन (जादा जोडभाग) बंद होतं आणि त्याशिवाय मीडियाविकीचा इन्स्टॉलर एक पाऊल पुढे जात नाही. चालू करून द्या म्हणून चार ईमेल केले. चारही वेळा "आपली तक्रार नोंदवली आहे". वर्षाचे पैसे आधीच भरले होते. तेव्हा पैसे भरण्याआधी त्यांना विचारा: इंटल, एमबीस्ट्रिंग आणि एक्सएमएल ही तिन्ही एक्स्टेन्शनं चालू आहेत का? शेवटी एक जीबी मेमरीचा छोटा व्हीपीएस, म्हणजे पूर्ण आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर, घेतला, त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी टाकलं. छोट्या विकीला एवढं पुरतं.

मग काम सरळ आहे. मारियाडीबीत एक रिकामा डेटाबेस आणि फक्त त्याच्यापुरते हक्क असलेला वेगळा यूजर तयार करा. सगळे हक्क असलेल्या रूट यूजरने विकी जोडायचा आळस करू नका. मीडियाविकीची फाइल उतरवून वेब सर्व्हरच्या फोल्डरात उलगडा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडा. इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारत जातो. शेवटी तो लोकलसेटिंग्ज नावाची एक फाइल तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवतो. तिथेच मी अर्धा तास घालवला. सगळं झालं म्हणून पान उघडतो, तर पुन्हा आपलं "विकी अजून सेट केलेला नाही". ती फाइल उचलून सर्व्हरवर, मीडियाविकीच्या मुख्य फोल्डरात इंडेक्स फाइलच्या शेजारी ठेवावी लागते, हे तिथेच लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

यापुढे विकीची सगळी नाडी त्या एका फाइलीत. एकदा मी तिच्यात घालायची ओळ वर्डमध्ये लिहिली आणि तिथून चिकटवली. वर्डने सरळ अवतरणचिन्हांची वाकडी केली होती, आणि पीएचपीला ती कळत नाहीत. आख्खा विकी गायब, समोर पांढरंशुभ्र पान. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करायला निघालो होतो. तसं करू नका. अपाचीचा एरर लॉग (चुकांची नोंदवही) उघडा आणि शेवटची ओळ वाचा. फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर तिथे असतो. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "साइट बंद पडली तर आधी काय करशील?" मी तोंडातून निघेल तसं "लॉग बघेन" म्हणालो आणि समोरच्या बाईंनी मान डोलावली. ते उत्तर या पांढऱ्या पानाने शिकवलं होतं.

फोटो चढवण्याचं थोडक्यात सांगतो. ती सोय आधी बंद असते, ती चालू करा. इमेजेस फोल्डरात लिहिण्याचा हक्क वेब सर्व्हरला द्या. आणि पीएचपीची फाइल चढवण्याची मर्यादा वाढवा. ती मुळात २ एमबी असते आणि मोबाइलचा फोटो त्याहून सहज मोठा निघतो.

आता खरी गंमत. महिन्याभराने सरांचा फोन. "अरे, कऱ्हा नदीचं पान मी स्वतः लिहिलंय. पण जेजुरीच्या पानावरून दुवा दिला तर लाल दिसतो." मीडियाविकीत लाल दुवा म्हणजे असं पानच नाही. मी बघितलं तर पान होतं, दुवाही होता, दोन्हीकडे अक्षरं डोळ्यांना तंतोतंत सारखी. दोन संध्याकाळी घालवल्या. मग दोन्ही पत्ते ब्राउझरमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवले. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट टक्क्याच्या चिन्हांसकट सुटे दिसतात. एका पत्त्यात मधेच 'ई२, ८०, ८डी' असा एक जादा तुकडा होता. तो न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे.

आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मागे तो अदृश्य जोडक. 'कऱ्हा' पहिल्या पद्धतीने पाच चिन्हांचा होतो, दुसऱ्या पद्धतीने सहा. माणसाला एकच नदी दिसते, कॉम्प्युटरला दोन. सर घरच्या कॉम्प्युटरवर एका पद्धतीने लिहीत आणि मोबाइलवर दुसऱ्या. कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, पायऱ्या, सगळीकडे हीच रड. उपाय साधा निघाला: ऱ असलेलं रूप मुख्य धरायचं आणि दुसऱ्या रूपाच्या नावाने पान करून त्यात पहिल्याकडे पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप तिकडे नेणारी सूचना) टाकायचं. पण हे कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडत नाही, कारण त्यांच्या भाषेत ही अडचणच नाही.

तीन बाइटांचा हिशेब आणखी एका ठिकाणी आडवा येतो. पानाच्या शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजीत ती अडीचशे अक्षरं होतात, मराठीत ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलंत सगळे त्यातच मोजले जातात. नुसत्या 'महाराष्ट्र'चे ३० बाइट जातात. सरांची शीर्षकं बखरीतल्यासारखी लांबलचक. दोनदा नाकारली गेली तेव्हा कुठे आखूड झाली.

विकी सगळ्यांना खुला ठेवला, ही माझी सर्वांत मोठी चूक. एका सोमवारी सकाळी उघडतो तर शेकडो नवीन पानं, सगळी जुगाराच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींची. न्यूक नावाचं एक्स्टेन्शन मीडियाविकीसोबतच येतं, त्याने एकेका सदस्याची पानं एका फटक्यात उडवली. मग खातं उघडल्याशिवाय संपादन बंद केलं आणि खातं उघडताना प्रश्न विचारायचा ठरवला. कन्फर्मएडिट या एक्स्टेन्शनमधलं क्वेस्टीकॅप्चा त्यासाठी उत्तम, कारण प्रश्न तुम्ही स्वतः लिहिता. मी लिहिला: "पुरणपोळीचं पुरण कुठल्या डाळीचं?" आणि उत्तर ठेवलं "हरभऱ्याची".

बॉट, म्हणजे जाहिराती टाकणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, थांबले. माणसंही थांबली. सासवडच्या एका काकूंनी तीनदा बरोबर उत्तर लिहून तीनदा नकार घेतला आणि सरांना फोन केला, "तुमच्या त्या पोराला स्वयंपाकातलं काही कळतं का?" कारण तुमच्या लक्षात आलंच असेल: त्यांचा ऱ्य दुसऱ्या पद्धतीचा होता. शिवाय कोणी "चणाडाळ" लिहीत होतं, कोणी "हरभरा". एका प्रश्नाला अनेक उत्तरं देता येतात, तशी सात-आठ घातली आणि काकू आत आल्या. पुढे जत्रांची बरीच पानं त्यांनीच लिहिली.

सोबत येणाऱ्या शोधाकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याला विभक्ती कळत नाही. 'वाडा' शोधलं तर 'वाड्याच्या' सापडत नाही. आम्ही वर्ग नीट लावले आणि त्यावर भागवलं.

आणि बॅकअप. त्यात तीन गोष्टी हव्यात: डेटाबेस, इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज. मी रोज रात्री डेटाबेसचा डंप (सगळा मजकूर एका फाइलीत) घ्यायचो आणि निर्धास्त होतो. सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा डंप चढवला, पान उघडलं, आणि मराठीच्या जागी टोप्या घातलेले रोमन ए आणि चौकोनी कचरा. डंप लॅटिन वर्णसंचातून, म्हणजे रोमन अक्षरांसाठीच्या संकेतांतून, गेला होता. नशिबाने जुना सर्व्हर अजून बंद केलेला नव्हता. वर्णसंच बायनरी ठेवून डंप पुन्हा काढला आणि निभावलं. तो बंद केलेला असता तर सरांना काय तोंड दाखवलं असतं, देव जाणे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्या जुन्या लॅपटॉपवर ताजा बॅकअप चढवतो आणि कऱ्हेचं पान उघडतो. आधी ऱच्या रूपाने, मग दुसऱ्या. दोन्हीकडून नदी एकच निघाली की लॅपटॉप मिटतो आणि सरांना मिस्ड कॉल देतो.