वस्तीतल्या कुटुंबांसोबत येऊर आणि खाडी: सहल कशी आखावी

ठाण्याजवळच्या येऊर डोंगराच्या रस्त्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांत वागळे इस्टेट किंवा कळव्याच्या चाळींतील कुटुंबे फारशी दिसत नाहीत, आणि ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांत दिघा-तुर्भ्याचे कामगार क्वचितच असतात. त्यांना निसर्गाची ओढ नाही, असा याचा अर्थ कोणी लावला तर तो साफ चुकीचा ठरेल. यातील कित्येक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, सोलापूर किंवा विजापूरकडून दगडखाणी आणि एमआयडीसीच्या कामासाठी आलेली आहेत; शेत, ओढा आणि रान त्यांच्या बालपणाचा भाग आहे. अडचण आपल्या निसर्गमंडळांच्या पद्धतीत आहे. इंग्रजीतील घोषणा, मोबाईलवरचा फॉर्म, आगाऊ शुल्क आणि ‘ट्रेकिंगचे बूट आवश्यक’ अशी सूचना वाचून त्यांना हे आपल्यासाठी नाही, एवढेच कळते.

अमेरिकेत हीच अडचण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांच्या, समाजाबाबत जाणवली. तेथे होसे गोन्झालेस या शिक्षकाने २०१३ मध्ये ‘लॅटिनो आउटडोअर्स’ ही संस्था सुरू केली, आणि २०१४ पासून ‘लॅटिनो कॉन्झर्व्हेशन वीक’ हा निसर्गसंवर्धन सप्ताह साजरा होऊ लागला. त्यांच्या कामातून आपण दोन गोष्टी जरूर घ्याव्यात: सहल एकट्या तरुणाची नव्हे तर संपूर्ण कुटुंबाची असते, आणि पुढाकार घेणारा माणूस त्याच समाजातला असावा लागतो.

म्हणून पहिले काम म्हणजे वस्तीत जाऊन बसणे. महिला बचत गटाची मासिक बैठक, अंगणवाडी सेविका, जयंती उत्सव मंडळाचे कार्यकर्ते, यांपैकी ज्यांच्याशी आधीची ओळख असेल त्यांच्यामार्फत जावे, आणि जाताना कार्यक्रमपत्रिका छापून नेऊ नये. कुठे जायला आवडेल, कोणत्या दिवशी जमेल, बरोबर कोण येईल, हे आधी विचारावे. वेळेच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय काहीच ठरवू नये. रविवार आपल्याला सोयीचा वाटतो. परंतु घरकाम करणाऱ्या बाईला त्या दिवशी पाहुण्यांची जादा भांडी असतात, आणि कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी जागोजागी वेगळी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळाला पाणी येण्याची वेळ. सकाळी सहा ते सात पाणी येत असेल, तर सहा वाजता बस सोडणारी सहल त्या वस्तीतील एकाही बाईसाठी नसते. पाणी भरून, डबा करून, मुलांना आंघोळ घालून त्या नऊला निघू शकतात. मग पक्षी थोडे कमी दिसले तरी चालतील.

निमंत्रण मराठीत आणि गरजेप्रमाणे हिंदीत किंवा कन्नडमध्ये, शक्यतो बोलून द्यावे. फॉर्मऐवजी बचत गटाच्या वहीत नावे लिहून घ्यावीत. सहल पूर्णपणे फुकट ठेवण्याच्या मी विरोधात आहे, कारण फुकटात मान राहत नाही. बसभाड्याइतकी वर्गणी गटानेच ठरवावी आणि गटानेच गोळा करावी. ज्याला तेवढीही जमणार नाही, त्याची सोय गटातल्या गटात होते, आणि त्याची चर्चा बाहेर होत नाही. वाट अशी निवडावी की साडी नेसून, साध्या चपलांवर आणि कडेवर मूल घेऊन चालता येईल.

जागेची निवड करताना आयोजकांनी आधी स्वतः जाऊन स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि बसायला सावली या तीन गोष्टी पाहाव्यात. स्वच्छतागृह नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि उन्हात त्याचा त्रास होतो. ठाणेकरांना येऊर जवळचे आहे. लोकमान्यनगरच्या कित्येक घरांतून तर हा डोंगर रोज दिसतो. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात, आणि बिबट्यांचा वावर लक्षात घेऊन उजेडातच परतावे. नवी मुंबईकरांनी हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून खाडी पाहावी. या खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आणि उधाण (मोठी भरती) केव्हा, भांग (लहान भरती) केव्हा, हे तिथीवरून सांगू शकणारी कोळी मंडळी दिवा, ऐरोली, सारसोळे येथे राहतात. त्यांच्यापैकी कोणाला बोलायला बोलावले तर खाडीची माहिती अधिक जिवंत होते. खारघरच्या पांडवकड्यासारखे धबधबे पावसाळ्यात टाळावेत.

प्रवेशद्वारावर आयोजकाने सर्वात शेवटी आत जावे. साध्या कपड्यांतल्या माणसांना ‘कुठे चाललात?’ असे जरा चढ्या आवाजात विचारले जाते, आणि तेवढ्या एका प्रश्नाने सगळा दिवस उतरतो. परवानगीचा कागद आणि पावत्या घेऊन आपण तिथे उभे असलो की तो प्रश्न आपल्याला विचारला जातो.

आत गेल्यावर माहिती सांगण्याचा मक्ता आपल्या तज्ज्ञाकडे ठेवू नये. फेब्रुवारीतल्या येऊरच्या एका सहलीत परभणीकडच्या एका आजींनी वाटेवर गळलेली पळसाची पाने उचलली, एकावर दुसरे अर्धे ठेवून बारीक काडीने ती कशी टाचायची हे दाखवले, आणि द्रोणासाठी कडा कुठे दुमडायची, हे मुलांच्या हातांना धरून शिकवले. पक्ष्यांची यादी घेऊन आलेले आमचे मार्गदर्शक तोवर शांतपणे बाजूला थांबले, हे त्यांनी फार योग्य केले. नंतर आजींनी पाने तिथेच ठेवली, कारण उद्यानातून काहीही नेता येत नाही, हे बसमध्येच सर्वांना समजावून सांगितले होते. येऊरच्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कोणी वाट दाखवायला येणार असेल तर मानधन आधी ठरवून द्यावे, आणि त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नये.

जेवण डब्याचेच असावे. ‘फक्त शाकाहारी’ अशी सूचना कृपया काढू नये. भाकरीबरोबर सुकट आणणाऱ्या कुटुंबाला त्या एका ओळीतून आपली जागा दाखवली जाते, आणि जातीच्या आठवणी अशा सूचनांना चिकटलेल्या असतात. सर्वांनी गोल करून बसावे, ज्याला जे चालते ते त्याने खावे. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. ‘वंचित मुलांना निसर्गदर्शन’ अशा मथळ्याखाली ती कोठेही लावू नयेत.

दुसऱ्या सहलीची बोलणी परतीच्या बसमध्येच सुरू करावीत, आणि या वेळी जागा त्यांना निवडू द्यावी, मग ती कर्नाळा असो वा पारसिकचा डोंगर. वनखात्याकडे करायचा अर्ज, बोटीची नोंदणी आणि भरतीचे वेळापत्रक पाहण्याची रीत या तीन गोष्टी गटातल्या दोघी-तिघींना शिकवून ठेवल्या, तर त्यापुढची सहल आपल्याशिवायही निघू शकते.